वेशीबाहेरचा संसार : माधवनगर परिसरातील साथी, आजारपण आणि बदललेले अग्रक्रम

कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळची सांगली, तिच्या पूर्वेची मिरज, उत्तरेचे बुधगाव आणि सांगली-बुधगावच्या मधल्या सपाट रानावर वाढलेले माधवनगर हा आज जवळजवळ सलग वस्तीचा पट्टा दिसत असला, तरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावांच्या मधले माळ मोकळे होते आणि त्या मोकळेपणाला आरोग्याच्या दृष्टीने मोठी किंमत होती. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या दृष्टीने पैसा, मान, घर, व्यवसाय आणि नातीगोती यांचा क्रम बदलतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. परंतु हाच बदल एखाद्या मुलखाने सामूहिकरीत्या अनुभवला आणि तो त्याच्या वस्तीच्या रचनेत, कायद्यात व रोजच्या वागण्यात उतरला, असे क्वचितच इतक्या स्पष्टपणे दाखवता येते. माधवनगरच्या परिसरात ते दाखवता येते, कारण साधारण साठ-पासष्ट वर्षांच्या अवधीत येथील समाजाने गावाची वेस तीन वेगवेगळ्या हेतूंनी ओलांडली: प्रथम रोगाला बाहेर घालवण्यासाठी, नंतर रोगापासून स्वतः बाहेर पडण्यासाठी आणि शेवटी रोग्याला बरे करण्यासाठी.

या परिसराची राजकीय मांडणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पटवर्धन घराण्यातील वाटण्यांमुळे सांगली १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळी झाली, आणि १८२० मध्ये मिरजेच्याच वाटण्या होऊन पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने उरली; ‘पाती’ म्हणजे घराण्याची शाखा आणि तिच्या वाट्याला आलेला मुलूख. धाकट्या पातीची राजधानी बुधगाव होती, आणि १८९९ मध्ये गादीवर आलेले माधवराव हरिहर उर्फ बाबासाहेब पटवर्धन यांची कारकीर्द संस्थान विलीन होईपर्यंत चालली. माधवनगर याच धाकट्या पातीच्या हद्दीतले. १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात सामील झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा तयार झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्यालाच सांगली जिल्हा हे नाव मिळाले. म्हणून या मुलखाचा जुना इतिहास वाचताना सातारा आणि सांगली ही नावे एकमेकांत मिसळलेली आढळतात. चार-पाच कोसांच्या टापूत तीन संस्थानी अधिकारक्षेत्रे आणि भोवती इंग्रजी अंमलाचा सातारा जिल्हा, अशा या तुकड्यातुकड्यांच्या प्रदेशात साथ कोणत्याच हद्दीवर थांबत नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

रोगाला वेशीबाहेर घालवण्याची रीत सर्वांत जुनी. वेस म्हणजे गावकुसाचा, अर्थात गावाभोवतीच्या मातीच्या किंवा दगडी तटाचा, दरवाजा आणि विस्ताराने गावाची सीमा. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की ती मरीआईच्या कोपाने आली असे मानले जाई आणि देवीला शांत करून तिचा लाकडी गाडा वाजतगाजत, नैवेद्यासह, शिवेपर्यंत ओढत नेऊन पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून दिला जाई. पलीकडच्या गावाने तो पुढे ढकलायचा, असा हा सिलसिला असे. या विधीला केवळ भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. त्यामागे असे गृहीत होते की गाव, घर, पेढी, देऊळ आणि शेत या जागच्या जागी राहणाऱ्या, अढळ गोष्टी आहेत, आणि आगंतुक असलेल्या रोगाने निघून जावे. माणसाच्या अग्रक्रमांत गावठाणातले घर सर्वांत वरच्या पायरीवर होते. घर सोडणे हे दुष्काळात, परागंदा होताना किंवा लष्कराची धाड आल्यावर करायची गोष्ट होती, आजारपणात नव्हे.

हे गृहीत प्लेगने मोडून काढले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्याने सरकारी अधिकाऱ्यांना घरझडती, विलगीकरण व प्रवासबंदी यांचे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात त्या अधिकारांचा वापर ज्या रीतीने झाला त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळीत झाले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. दक्षिणेकडे प्लेग सरकला तो बाजारपेठा आणि आगगाडी यांच्या वाटेने. सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज-बेळगाव मार्ग तेव्हा नवा होता. ज्या गाडीतून धान्य, कापूस आणि गूळ जात होता त्याच गाडीतून पिसवा अंगावर घेतलेले उंदीर आणि प्रवाशांची गाठोडी जात होती. मात्र पिसवेचा हा वाटा १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी कराचीत मांडला तेव्हा त्यावर बहुतेकांचा विश्वास बसला नाही आणि तो मान्य व्हायला आणखी दहाएक वर्षे गेली. तोवर गावातल्या माणसाने शास्त्राची वाट न पाहता स्वतःचे एक निरीक्षण पक्के केले होते: घरात उंदीर पडू लागले, म्हणजे मरून खाली पडू लागले, की पुढे माणसांना गाठीचा ताप येतो. जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ, सपाटून ताप, आणि बहुतेकांच्या वाट्याला चार-पाच दिवसांत मृत्यू, असे त्याचे स्वरूप होते. उंदीर पडला की निघायचे, हा नियम त्या पिढीने कुठल्याही जाहीरनाम्याशिवाय शिकून घेतला.

त्यातून एक नवी रीत रुजली, आणि ती पुढे कित्येक वर्षे, जवळपास दर हंगामाला, पाळली गेली. पावसाळा सरताना साथ डोके वर काढी, थंडीत भडके आणि चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात, जेव्हा पिसवा तग धरत नाहीत, तेव्हा ओसरे. म्हणून गाव सुगीच्या सुमारास उठे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परते. बिऱ्हाडे माळावर किंवा स्वतःच्या रानात जात. तुराट्यांचा किंवा बोरू-पाचटाचा कूड, त्यावर कडब्याचे छप्पर, पुढे तीन दगडांची चूल आणि बाजूला जनावरांची दावण, एवढ्यात संसार मांडला जाई. घरून काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा दरवर्षी, प्रत्येक कुटुंबापुढे, अगदी उघड्या स्वरूपात उभा राहत असे. देव्हाऱ्यातले टाक (कुलदैवतांच्या प्रतिमा उठवलेले चांदी-पितळेचे पत्रे), जाते, पाण्याचे हंडे, जनावरे आणि चार महिन्यांचे जोंधळे बरोबर जात; दागिने असलेच तर अंगावर किंवा जमिनीत; आणि मागे राहत ती जड भांडी, लाकडी पेट्या, वह्या-दप्तरे, वाड्याचे दरवाजे व कुलपे, ज्यांच्या राखणीसाठी रामोशी ठेवले जात. ज्या वाड्याच्या दिंडी दरवाजावरून घराण्याची पत ठरत होती, तो वाडा रिकामा आणि त्याचा मालक कुडाच्या झोपडीत कुळवाड्याच्या शेजारी, हे दृश्य समाजव्यवस्थेला सहज पचणारे नव्हते. शेजार बदलला म्हणून सोवळेओवळे सुटले असे मात्र समजू नये: माळावरही आळ्या जातवार पडत आणि पाणवठे वेगळेच राहत. मृत्यूच्या भीतीने घर सोडायला लावले, पण जातीच्या भिंती तिला पाडता आल्या नाहीत, ही नोंद या इतिहासात ठळकपणे करायला हवी.

परतल्यावर घरे धुवून, सारवून, चुन्याने रंगवून घेतली जात. कित्येक ठिकाणी कौले काढून किंवा धाब्याला भोके पाडून खोल्यांत ऊन पाडले जाई. माडीवरच्या अंधाऱ्या खोल्या, खिडकीविना बाळंतिणीची खोली, भिंतीला भिंत लागलेल्या गल्ल्या, घराच्या पोटातच असलेले धान्याचे कणगे या सर्वांकडे पाहण्याची नजर त्यामुळे बदलू लागली. धान्य आणि माणूस एका छपराखाली नको, ही जाणीव सांगलीच्या मुलखात विशेष अर्थपूर्ण होती, कारण येथे साठवणीची एक वेगळी परंपरा आधीपासून होती. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद ठेवण्यासाठी पेव वापरत. पेव म्हणजे घट्ट मातीत खोल खणलेला, अरुंद तोंडाचा खड्डा, ज्यात माल भरून तोंड मातीने बंद केले की हवा, कीड आणि उंदीर यांना वाव राहत नसे. पेवांची रीत प्लेगच्या भीतीतून निर्माण झाली नव्हती. पण वखार आणि राहते घर वेगळे ठेवण्याची तिची शिस्त कशी उपयोगाची आहे, हे प्लेगच्या काळात अधिक पटले असणार, असे म्हणण्यास जागा आहे.

प्लेगने व्यक्तींच्या आयुष्याला दिलेली कलाटणी मोजक्या पण ठसठशीत उदाहरणांतून दिसते. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण आणून त्यांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांना पुण्यातील सोजिरांच्या अत्याचारांविषयी विलायतेत केलेल्या विधानांबद्दल १८९७ मध्ये जाहीर माफी मागावी लागली, आणि त्यानंतर ते प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरले; त्यांनी १९०५ मध्ये स्थापलेल्या भारत सेवक समाजामागे सेवा हेच पूर्णवेळ काम मानण्याची जी भूमिका होती, तिची एक तालीम या दिवसांत झाली असे मानता येते. टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला, आणि १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला. ही नावे मोठी असल्यामुळे इतिहासात राहिली. माळावरच्या झोपड्यांत ज्यांनी मुलांची लग्ने लांबणीवर टाकली, सावकाराचे देणे थकवले, वा शहरातली नोकरी सोडून रानात विहीर खणायची असा निश्चय केला, त्यांची कागदोपत्री नोंद नाही. वस्तीच्या नकाशावर मात्र त्यांचा ठसा दिसतो. मळ्यातच कायम राहणे, ज्याला या भागात ‘वस्तीवर राहणे’ म्हणतात, त्यामागे विहीर-बागाईत हे मुख्य कारण असले, तरी प्लेगच्या हंगामांनी गावठाणाबाहेर राहण्याची भीड मोडली हेही खरे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या टापूत ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांचे स्वरूप या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर सुरू झाली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर १९१६-१७ च्या सुमाराचे. आणि माधवनगर त्याच पिढीतले, व्यापार व गिरणी यांच्या आधाराने वाढलेले. या वसाहतींचा मूळ हेतू धंदा हाच होता, आरोग्य हा नव्हे, आणि तसे भासवणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. परंतु गावकूस नाही, वेस नाही, वखारी आणि रेल्वे स्थानक जवळ, मोकळी जमीन भरपूर, अशा जागी पैसा गुंतवायला व्यापारी तयार झाला, ही गोष्ट त्याच्या आजोबांच्या काळी अवघड होती; तटाच्या आत, देवळाच्या सावलीत, भाऊबंदांच्या भिंतीला भिंत लावून असलेली पेढी म्हणजे पत, हा समज प्लेगने आधीच खिळखिळा केला होता.

तिसरा अध्याय, रोग्याला बरे करण्याचा, मिरजेचा. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी आधी सांगलीत आणि मग मिरजेत काम सुरू केले. मिरजेचे इस्पितळ १८९४ मध्ये उघडले, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग निघाले आणि १९०० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभा राहिला. साथीच्या रोगाला जसा हंगाम असतो तसा शस्त्रक्रियेच्या रोगाला नसतो, आणि म्हणून मिरजेच्या इस्पितळाने भीतीचे स्वरूप बदलले: ती सामूहिक न राहता एका माणसाची, एका घराची झाली. कोकण, गोवा, विजापूर, बेळगावपासून बैलगाडीने आणि आगगाडीने माणसे येऊ लागली आणि ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले की दुखणे घरगुती उपायांच्या पलीकडे गेले हे ऐकणाऱ्याला कळू लागले. रोग्याबरोबर आलेले नातेवाईक आवारात चुली मांडून महिना-महिना राहत. शेतीची कामे अडत, कर्ज काढले जाई, जनावर विकले जाई. जमीन आणि बैल हे कुणबी घराचे प्राण. ते एका माणसाच्या प्राणासाठी मोडायचे की नाही, हा निर्णय घरातल्या कर्त्यापुढे पहिल्यांदाच प्रत्यक्ष पर्याय म्हणून उभा राहिला. त्याआधी पर्यायच नव्हता, म्हणून प्रश्नही नव्हता. हा बदल वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सहसा नोंदला जात नाही, तो घराघरांच्या हिशेबवहीत नोंदला गेला.

मिरजेच्या वाटेने एका आयुष्याला मिळालेली कलाटणी महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. नारायण श्रीपाद राजहंस या सुरेल गळ्याच्या मुलाला ऐकू कमी येऊ लागले, तेव्हा शाहू महाराजांच्या आश्रयाने त्याला उपचारासाठी मिरजेत वानलेस यांच्याकडे पाठवण्यात आले; किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा तिथेच होता, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या १९०१ मधील मृत्यूनंतर मंडळीला नायिकेच्या भूमिकांसाठी गाता नट हवा होता. १९०५ मध्ये नारायणराव मंडळीत गेले आणि पुढचा बालगंधर्वांचा इतिहास घडला. नाटकात जाणे म्हणजे ब्राह्मण घरात मुलगा वाया गेला असे मानण्याचा तो काळ. कानाच्या दुखण्याने तो मुलगा मिरजेला आला नसता तर काय झाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही, पण आजारपण माणसाला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून भलत्याच दारात नेऊन सोडते, याचे हे गोड उदाहरण आहे. बहुतेक उदाहरणे इतकी गोड नसतात.

क्षयरोगाचा अध्याय तसा आहे. क्षय, जुन्या वैद्यकात राजयक्ष्मा, हा फुप्फुसे हळूहळू पोखरणारा रोग. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ मध्ये दाखवला, पण त्यावर परिणामकारक औषध त्यानंतर साठ वर्षे नव्हते. तोपर्यंतचा उपाय म्हणजे सॅनेटोरियम, अर्थात मोकळ्या हवेचे आरोग्यधाम, जिथे रोग्याने महिनोन्‌महिने पडून राहायचे, सकस खायचे आणि फुप्फुसांना विसावा द्यायचा. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांचे बेल-एअर १९१२ मध्ये सुरू झाले, आणि सांगली-मिरज रस्त्यावर वानलेस यांचे क्षयरोग आरोग्यधाम १९२० मध्ये. ज्या माळावर ते उभे राहिले तोच पुढे वानलेसवाडी झाला. पाचगणी म्हणजे डोंगरावरची थंड हवा, वानलेसवाडी म्हणजे देशावरची कोरडी हवा. दोन्हीकडे व्हरांड्यातल्या खाटांवर, दिवसरात्र उघड्या हवेत, रोगी ठेवले जात. थुंकी झाकणाच्या डबीत टाकायची आणि ती जाळायची, सकाळ-संध्याकाळ ताप मोजून तक्त्यावर लिहायचा, वजन दर आठवड्याला पाहायचे, दुपारच्या विश्रांतीत बोलायचे नाही, परवानगीशिवाय पायऱ्या चढायच्या नाहीत, अशी ही शिस्त असे. काही रोग्यांच्या छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस दाबून ठेवत. काहींच्या बरगड्या काढून ते कायमचे मिटवत, ज्या शस्त्रक्रियेला थोरॅकोप्लास्टी म्हणतात.

अशा ठिकाणी वर्ष काढलेला माणूस परत जाताना काय घेऊन जात असे, हा या निबंधाच्या विषयाचा गाभा आहे. आळस हा दुर्गुण आणि कष्ट हा सद्गुण मानणाऱ्या समाजात त्याला पडून राहणे हेच काम म्हणून शिकवलेले असे. परतल्यावर त्याने पूर्वीचा धंदा करू नये, रात्रपाळी टाळावी, स्वतंत्र भांडी व स्वतंत्र खोली वापरावी, लग्न काही वर्षे पुढे ढकलावे, असा सल्ला असे. ज्याच्याकडे रान होते, घरात माणसे होती आणि दूधदुभते होते, त्याला तो पाळता आला. असे लोक पुढे पुष्कळ वर्षे जगले आणि मोजके, नेमके, सावध आयुष्य जगले. ज्याचे पोट कापसाच्या धुरळ्यात आठ तास उभे राहिल्याशिवाय भरत नव्हते त्याला तो पाळणे अशक्य होते. माधवनगरच्या कॉटन मिलमुळे या परिसरात पगारावर जगणारा कामगारवर्ग तयार झालेला होता, आणि अग्रक्रम बदलण्याची मुभा ही मुळात ऐपतीवर ठरते, हे त्याच्या स्थितीवरून उघड होते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणात पगाराचा काही भाग मिळण्याची तरतूद झाली आणि क्षयासारख्या लांबणाऱ्या रोगांसाठी पुढे ही मुदत वाढवण्यात आली; आजारी कामगाराला ‘आधी तब्येत’ असे म्हणण्याचा अधिकार देणारे या देशातले हे पहिले मोठे पाऊल, आणि वैद्यकीय शोधांइतकेच ते महत्त्वाचे मानले पाहिजे.

औषधे आली तशी आरोग्यधामाची गरज सरली. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मधला, आयसोनियाझिड क्षयावर वापरात आले ते १९५२ मध्ये, आणि १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिले की गरीब वस्तीतला रोगी स्वतःच्या घरी राहून नियमित औषधे घेत असेल, तर तो आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो आणि घरच्या माणसांना अधिक धोकाही पोचत नाही. १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. त्याच वर्षी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. वेशीबाहेर नेलेला रोगी असा पुन्हा घरात आला. मात्र औषधे अठरा महिने घ्यायची आणि रोगी तीन महिन्यांत बरे वाटले की कामावर जायचा, त्यामुळे भीती सरली की अग्रक्रमही पूर्ववत होतात, हे क्षयविभागातल्या कर्मचाऱ्यांच्या रोजच्या अनुभवाचे झाले.

वानलेसवाडीचा माळ आता इमारतींनी भरला असून १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एकच महानगरपालिका आहे. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एका कुटुंबातून कोरोनाचा संसर्ग पसरल्यावर रुग्णांसाठी मिरजेचे शासकीय रुग्णालय राखून ठेवण्यात आले, राज्य सरकारने १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू केला, आणि पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना गावात घेण्याऐवजी कित्येक गावांनी त्यांची सोय शाळेत किंवा रानातल्या वस्तीवर केली. गावात घर असूनही काही कुटुंबे आपण होऊन मळ्यात राहायला गेली, आणि त्यांतल्या काहींनी पुढे तिथेच पक्क्या खोल्या बांधल्या.